कंपनीचा कारभार, जाहीर होणारी माहिती आणि शेअरचा परतावा: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, धुळे, नंदुरबार इकडच्या लहान गुंतवणूकदारांचे आहेत. त्यात शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, केळीचे बागायतदार आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत आणि नुकतंच डिमॅट खातं उघडलेली कॉलेजातली मुलंही आहेत. कुठला शेअर घ्यावा, याचं उत्तर या पानावर नाही. कंपनी कशी चालवली जाते, ती आपल्याला काय सांगते, काय दडवते आणि त्याचा आपल्या पैशावर काय परिणाम होतो, एवढाच विषय आहे.

कंपनीच्या कारभाराचे नियम म्हणजे नेमके कोणते? ते कोण करतं?

मुख्यतः सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. सेबीची स्थापना १९८८ची, पण कायद्याने दिलेले अधिकार तिला १९९२ मध्ये मिळाले. कारभाराचे नियम खऱ्या अर्थाने आले ते कुमार मंगलम बिर्ला समितीनंतर, २००० साली. बाजारात नोंदणी करताना कंपनी एक्स्चेंजशी, म्हणजे शेअर बाजार चालवणाऱ्या संस्थेशी, जो करार करते, त्यात ४९ वं कलम घालण्यात आलं. संचालक मंडळात बाहेरची माणसं किती असावीत, हिशेब तपासणीवर लक्ष ठेवणारी ऑडिट समिती कशी असावी, हे त्यात होतं. नारायण मूर्ती समितीच्या शिफारशींनंतर ते कडक झालं आणि १ जानेवारी २००६ पासून सुधारित रूपात लागू झालं. पुढे २०१३ चा कंपनी कायदा आला. २०१५ मध्ये सेबीने हे सगळं एका नियमावलीत आणलं. बोलताना सगळे तिला ‘एलओडीआर’ म्हणतात.

आपल्या कामाच्या तरतुदी थोड्या आहेत. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे ऑडिट झालेले निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. कोणाकडे किती शेअर आहेत, याचा तक्ता दर तिमाहीनंतर २१ दिवसांत येतो. बाजार चालू असताना संचालकांची बैठक संपली, तर तिथले महत्त्वाचे निर्णय ३० मिनिटांत एक्स्चेंजला कळवावे लागतात. हे सगळं बीएसई आणि एनएसई या एक्स्चेंजच्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतं. मुंबईतल्या मोठ्या फंडाला आणि पारोळ्यातल्या माणसाला ते एकाच वेळी दिसतं, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

माहिती जाहीर केल्याने शेअरचा भाव का वाढावा? धंदा तर तोच राहतो ना?

धंदा तोच राहतो, शंका कमी होते. जिनिंगवर कापूस नेल्यावर ओलावा मोजायची सोय नसेल, तर व्यापारी सगळ्याच गाड्यांना ओला कापूस धरून भाव देतो. कोरडा कापूस आणणाऱ्याचं त्यात नुकसान होतं. मोजमाप आलं, आणि ते खोटं नाही असा विश्वास बसला, की कोरड्या मालाला त्याचा भाव मिळतो. शेअरचंही असंच होतं. हिशेब धड दिसत नसला की खरेदीदार भावातून धोक्याची रक्कम कापून घेतो.

हे आकड्यांत पाहता येतं. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने, तोपर्यंत मोकळ्या असलेल्या अनेक कंपन्यांना हिशेब जाहीर करण्याची सक्ती झाली. कायद्याचा प्रस्ताव आल्यापासून तो लागू होईपर्यंतच्या काळात, ज्या कंपन्यांवर सर्वात जास्त नवी बंधनं येणार होती त्यांच्या शेअरनी, आधीपासून बंधनात असलेल्या तशाच कंपन्यांपेक्षा ११ ते २२ टक्के जास्त परतावा दिला, असं पुढे संशोधकांनी मोजलं. भारतात मे १९९९ मध्ये सेबीने कारभाराचे नियम आणण्याचं जाहीर केलं. तेव्हा ज्या मोठ्या कंपन्यांना ते लगेच लागू होणार होते, त्यांचे भाव लहान कंपन्यांच्या तुलनेत दोन दिवसांत सुमारे ४ टक्के वर गेले. बर्नार्ड ब्लॅक आणि विक्रमादित्य खन्ना या संशोधकांनी हे मोजलं आहे. डोक्यावर बंधन आलं आणि भाव चढला. बंधन आलं की कंपनीचं नुकसान होतं, असं मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

मग चांगल्या कारभाराची कंपनी घेतली की दरवर्षी जास्त परतावा मिळणार, असंच ना?

नाही. सर्वात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एक कंपनी दरवर्षी शेअरमागे १० रुपये लाभांश देते आणि देत राहणार आहे. तिच्या हिशेबांवर लोकांचा भरवसा नाही, म्हणून ते वर्षाला १५ टक्के परतावा मागतात. तर शेअरचा भाव साधारण ६७ रुपये बसतो. उद्या कारभार सुधारला, हिशेब स्वच्छ झाले आणि लोक १२ टक्क्यांवर समाधान मानायला लागले. लाभांश तेवढाच, पण भाव होतो ८३ रुपये. ज्याच्याकडे शेअर आधीपासून होता, त्याला २५ टक्के नफा झाला, पण एकदाच. त्यानंतर ८३ रुपयांना घेणाऱ्याला वर्षाला १२ टक्केच मिळणार, म्हणजे आधीच्या माणसाने मागितलेल्या परताव्यापेक्षा कमी.

थोडक्यात, कारभार सुधारण्याचा फायदा भावात एकदाच शिरतो. तो शिरत असताना शेअर तुमच्याकडे हवा. सगळ्या जगाला माहीत असलेल्या चांगल्या कंपनीच्या भावात तिचा चांगुलपणा आधीच मोजलेला असतो.

याचाही पुरावा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सुमारे १,५०० कंपन्यांचा अभ्यास झाला. भागधारकांना भक्कम हक्क देणाऱ्या कंपन्या घेऊन कमकुवत हक्कांच्या कंपन्या विकल्या असत्या, तर वर्षाला ८.५ टक्के जादा परतावा मिळाला असता, असं त्यात दिसलं. हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला आणि फार गाजला. पण २००० ते २००८ या काळात हा जादा परतावा नाहीसा झाल्याचं नंतरच्या संशोधनात आढळलं. बाजाराला चांगला-वाईट कारभार ओळखता यायला लागला होता आणि भाव त्याप्रमाणे आधीच जुळत होते.

म्हणून ‘आमच्या कंपनीचा कारभार उत्तम आहे, घेऊन टाका’ एवढं ऐकून कुठलाही भाव देऊ नका. चांगली कंपनी महाग भावाला घेतली तर पैसे वर्षानुवर्षं अडकतात.

तसं असेल तर कारभाराकडे बघायचंच कशाला?

भांडवल बुडू नये म्हणून. चांगल्या कारभारामुळे परतावा दोन टक्क्यांनी वाढेल की नाही, हे सांगता येत नाही. पण खोट्या हिशेबाची कंपनी ८० टक्के भांडवल खाऊन टाकू शकते, आणि ८० टक्के बुडालेला शेअर मूळ भावाला यायला पाचपट व्हावा लागतो. निवृत्तीच्या पैशाला तेवढा वेळ नसतो. लहान गुंतवणूकदाराने दहा कंपन्या घेतल्या आणि त्यातली अशी एक टाळली, तरी त्याच्या एकूण परताव्यात जो फरक पडतो तो कुठल्याही टीपने पडणार नाही.

पण भारतात कायदे ढीगभर आहेत, पाळतं कोण?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग योग्य आहे. भट्टाचार्य आणि दाऊक या दोन संशोधकांनी शेअर बाजार असलेले १०३ देश पाहिले. आतल्या माहितीवर व्यवहार करण्याविरुद्ध कायदा होता ८७ देशांत. पण त्या कायद्याखाली एकदा तरी कारवाई झालेली होती फक्त ३८ देशांत. नुसता कायदा आला तेव्हा कंपन्यांच्या भांडवलाचा खर्च, म्हणजे गुंतवणूकदार त्यांच्याकडून मागतात तो परतावा, बदलला नाही. पहिली कारवाई झाल्यावर तो खाली आला. भारतात हा नियम १९९२चा, पण गाजलेलं पहिलं मोठं प्रकरण १९९८चं. ब्रुक बाँड लिप्टन आपल्यात विलीन होण्याआधी हिंदुस्थान लिव्हरने तिचे शेअर घेतल्यावरून सेबीने आदेश दिला होता.

४९ व्या कलमाचीही तीच गत. ते मोडलं तर फार काही होत नव्हतं. २००४ मध्ये सिक्युरिटीज करार कायद्यात २३-ई कलम घालून २५ कोटी रुपयांपर्यंत दंडाची सोय झाली. दंडाची ही तरतूद आणि कारभाराचे नियम एकत्र आल्यावर, त्या कक्षेतल्या कंपन्यांचं मूल्य १० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं धर्मपाल आणि खन्ना यांच्या अभ्यासात दिसतं. बाजार नियमाच्या शब्दांपेक्षा शिक्षेकडे बघतो. ऑडिटरांवर लक्ष ठेवायला राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आलं तेही २०१८ मध्ये, म्हणजे बरंच उशिरा. सेबीचे आदेश तिच्या संकेतस्थळावर असतात. आपण घेत असलेल्या कंपनीचं किंवा तिच्या प्रवर्तकाचं (ती उभी करून ताब्यात ठेवणाऱ्याचं) नाव तिथे शोधायला दोन मिनिटं लागतात.

अमळनेरचे लोक विप्रोमुळे श्रीमंत झाले. त्यात कारभाराचा वाटा किती?

अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेली वनस्पती तुपाची कंपनी, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, पुढे विप्रो झाली, हे इकडे लहान मुलांनाही माहीत आहे. गावातल्या अनेक घरांनी शेअर घेतले, पिढ्यान् पिढ्या ठेवले, आणि बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) व स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) यांमुळे त्यांची संख्या वाढत गेली.

त्या संपत्तीचं मुख्य कारण धंदा आहे: तूप-तेलातून संगणकाकडे आणि सॉफ्टवेअरकडे वळलेली कंपनी. कारभार चांगला म्हणून धंदा वाढला, असं म्हणणं खोटं होईल. पण धंदा वाढूनही लहान भागधारकाच्या हाती काही न लागलेल्या कंपन्या भारतात कमी नाहीत. नफा प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांकडे वळतो, स्वतःला स्वस्तात नवे शेअर दिले जातात, आणि चढत्या धंद्यातला आपला वाटा विरघळून जातो. भारतातल्या उद्योगसमूहांत नफा अशा आतल्या वाटेने सरकतो याचा पुरावा २००२ मध्ये एका संशोधनाने मांडला. अमळनेरच्या घरांच्या बाबतीत असं झालं नाही. प्रवर्तकांकडे ७० टक्क्यांहून जास्त शेअर असूनही, उरलेल्यांच्या शेअरचं मूल्य प्रवर्तकांच्या शेअरबरोबरच वाढलं. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रो न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली आणि तिकडचे कडक हिशेबाचे नियमही तिला लागू झाले.

एक सांगायला हवं. अमळनेरचं उदाहरण देऊन ‘कुठलाही शेअर पन्नास वर्षं ठेवा’ असा सल्ला देणारे भेटतात. त्याच काळात घेतलेल्या कितीतरी कंपन्यांचे कागद आज रद्दी आहेत. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

सत्यमला तर उत्तम कारभाराचा पुरस्कार होता. मग या सगळ्याला अर्थ काय?

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीला २००८ मध्ये कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर नावाजलेले प्राध्यापक होते, ऑडिटर जगप्रसिद्ध संस्थेच्या नावाचा होता, आणि कंपनी न्यूयॉर्कला नोंदलेली होती. कागदावर सगळं होतं. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. शेअर त्या दिवशी जवळपास ७८ टक्के कोसळला, १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास.

आधी काही दिसत होतं का? थोडं दिसत होतं. २००१ मध्ये प्रवर्तकांचा वाटा सुमारे २५ टक्के होता, २००८ पर्यंत तो ९ टक्क्यांच्या खाली आला. हा तक्ता दर तिमाहीला जाहीर होत होता. ज्यांना कंपनी आतून माहीत होती तेच विकत होते. मग १६ डिसेंबर २००८ रोजी राजू कुटुंबाच्याच मेटास नावाच्या दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घेण्याचा ठराव आला. स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या, संचालकांनी तो मंजूर केला. भागधारक इतके भडकले की काही तासांत तो मागे घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी शेअर ३० टक्के पडला, आणि ज्याने त्या दिवशी विकला तो तीन आठवड्यांनंतरच्या आपत्तीतून वाचला.

आणि एक गोष्ट दिसत नव्हती. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवून पैसे उचलले होते, पण ते जाहीर करण्याची सक्ती तेव्हा नव्हती. ती सेबीने जानेवारी २००९ अखेरीस आणली. आपले बरेचसे नियम असे कोणाचे तरी पैसे बुडाल्यानंतर आलेले आहेत. म्हणून त्यांतून मिळणारी माहिती न वाचता सोडून देणं मला सहन होत नाही.

तीनशे पानांचा वार्षिक अहवाल कोण वाचणार? नेमकं काय पाहायचं?

सुरुवातीची रंगीत पानं आणि अध्यक्षांचं पत्र शेवटी वाचा, किंवा वाचू नका. आधी ऑडिटरचा अहवाल उघडा. त्यात ‘स्वच्छ मत’ आहे की ‘अपवादासह मत’ (म्हणजे काही हिशेबांवर आक्षेप), हे पहिल्या परिच्छेदात कळतं. ऑडिटरने ‘मत देता येत नाही’ असं लिहिलं असेल तर पुढचं एकही पान उलटायची गरज नाही. २०१८-१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या ऑडिटरला हिशेबातल्या सर्वात अवघड जागा वेगळ्या लिहाव्या लागतात. तो भाग सोपा असतो आणि फार उपयोगी असतो.

मग रोख प्रवाहाचं पत्रक घ्या. धंद्यातून आलेली रोख आणि नफा-तोटा पत्रकातला नफा, हे दोन आकडे पाच वर्षांचे शेजारी शेजारी लिहा. नफा दरवर्षी चढतो आहे आणि रोख येतच नाही, तर माल विकल्याचं फक्त वहीत आहे किंवा उधारी वसूल होत नाही. एखाद्या वर्षी असं होऊ शकतं, वाढत्या धंद्यात होतंच. पाच वर्षांच्या बेरजेत रोख नफ्याच्या निम्मीही नसेल, तर मी ती कंपनी सोडून देतो. यात काही चांगल्या कंपन्याही हातच्या जातात, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तिसरं, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. प्रवर्तकाच्या मुलाच्या, भावाच्या, पत्नीच्या कंपनीला भाडं, कर्ज, आगाऊ रक्कम, ‘सल्ला शुल्क’ काय दिलं, हे या टिपणीत असतं. बिनव्याजी कर्ज दिसलं की थांबा.

चौथं, संभाव्य देणी. दुसऱ्या कंपनीच्या कर्जाला दिलेली हमी इथे दडलेली असते.

बँकेचा शेअर असेल तर आणखी एक जागा आहे. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत बुडीत कर्जाचा आकडा बँकेने सांगितलेल्या आकड्यापेक्षा फार जास्त निघाला, तर तो फरक बँकेला जाहीर करावा लागतो, हा नियम एप्रिल २०१७चा. येस बँकेच्या २०१५-१६ च्या हिशेबात असा ४,१७६ कोटींचा फरक निघाला होता. बँकेने दाखवलेलं थकीत कर्ज होतं ७४९ कोटी. बँकेवर निर्बंध आले मार्च २०२० मध्ये, म्हणजे ही ओळ छापून आल्यावर जवळपास तीन वर्षांनी. वाचणाऱ्याला भरपूर वेळ होता.

प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवले असतील तर लगेच विकावं का?

थोडेफार असतील आणि कमी होत असतील तर नाही. पण भाव पडला की सावकार आणखी शेअर मागतो, मिळाले नाहीत तर असलेले विकतो, त्याने भाव आणखी पडतो. हे चक्र एकदा सुरू झालं की कंपनीच्या धंद्याशी भावाचा संबंध राहत नाही. आकड्यापेक्षा दिशा पाहा: दर तिमाहीला गहाण वाढतंय का? प्रवर्तक पैसे कशासाठी उचलतोय, हे सांगितलेलं नसेल तर मी दूर राहीन.

ऑडिटर मध्येच सोडून गेला तर?

कंपनी कायद्याप्रमाणे ऑडिट संस्था जास्तीत जास्त दहा सलग वर्षं राहू शकते, म्हणून मुदत संपून बदल झाला तर काळजी नको. मुदतीच्या आत, निकालाच्या तोंडावर राजीनामा आला तर मात्र कारण वाचा. मे २०१८ मध्ये मनपसंद बेव्हरेजेस या फळांच्या पेयांच्या कंपनीचा ऑडिटर, डेलॉइट, वार्षिक निकालाच्या काही दिवस आधी बाहेर पडला. बाजार उघडताच शेअर २० टक्क्यांनी पडला आणि पुढेही पडत राहिला. ऑक्टोबर २०१९ पासून सेबीने नियम केला की ऑडिटरला हातातलं काम अर्धवट टाकून जाता येणार नाही, आणि सोडण्याची कारणं सविस्तर द्यावी लागतील. ‘वैयक्तिक कारण’ किंवा ‘कामाचा ताण’ एवढंच लिहिलेलं असेल, तर माझ्या मते ते कारणच नाही.

स्वतंत्र संचालक खरंच स्वतंत्र असतात का?

काही असतात. त्यांना नेमतो मात्र ज्याच्याकडे मतं जास्त तो, आणि आपल्याकडे तो बहुधा प्रवर्तकच असतो. अध्यक्ष प्रवर्तक किंवा कार्यकारी असेल तर निम्मं मंडळ स्वतंत्र हवं, नाहीतर एक तृतीयांश. संख्या सगळेच भरतात. मी हजेरी बघतो आणि राजीनामे बघतो. एकाच वर्षात दोन-तीन स्वतंत्र संचालक मुदतीआधी गेले असतील तर त्यांची पत्रं एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर शोधा.

जैन इरिगेशनचा एक ‘डीव्हीआर’ शेअरही दिसतो, तो स्वस्त का?

जळगावात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. डीव्हीआर म्हणजे मतदानाचा हक्क कमी असलेला शेअर. जैन इरिगेशनने तो २०११ मध्ये आणला, आणि त्याच्या दहा शेअरमागे एक मत आहे. कंपनी तीच, ठिबकच्या नळ्या त्याच, कारखाने तेच. तरी तो बहुतेक काळ साध्या शेअरपेक्षा बराच स्वस्त राहिला आहे. या फरकाचा एक भाग म्हणजे मताच्या हक्काची किंमत. दुसरा भाग, त्यात व्यवहार कमी होतात म्हणून विकायला त्रास पडतो, याचा.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये असेच शेअर काढले होते, त्यावर लाभांश थोडा जास्त होता. तरीही जुलै २०२३ मध्ये ते साध्या शेअरपेक्षा सुमारे ४० टक्के स्वस्त मिळत होते. तेव्हा कंपनीने १० डीव्हीआरला ७ साधे शेअर देण्याची योजना जाहीर केली आणि २०२४ मध्ये ती पूर्ण झाली. हक्क सुधारणार म्हटल्यावर, धंद्यात काहीही न बदलता त्या शेअरचा भाव चढला. पण अशा योजनेच्या आशेवर डीव्हीआर घेऊन ठेवू नका. ती आणायची की नाही, हे कंपनी ठरवते.

निकालाच्या आधी एखाद्या ओळखीच्याने ‘आतली बातमी’ दिली तर?

तो व्यवहार करू नका. २०१५ च्या नियमांप्रमाणे बातमी देणारा आणि तिच्यावर व्यवहार करणारा, दोघंही अडकतात. तुम्ही कंपनीत नोकरीला नसलात तरी. कंपनीच्या आतल्या लोकांसाठी तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत व्यवहार बंद असतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत तुमच्यापर्यंत पोचलेली ‘आतली’ बातमी बहुधा कोणाला तरी आपले शेअर तुमच्या गळ्यात मारायचे असतात म्हणून निघालेली असते.

एसएमई कंपन्यांनाही हेच नियम आहेत का?

नाहीत. बीएसई आणि एनएसईचे लहान उद्योगांसाठीचे मंच २०१२ मध्ये सुरू झाले. तिथे सहामाही निकाल चालतात आणि संचालक मंडळाच्या रचनेच्या बऱ्याच अटींतून सूट आहे. म्हणजे माहिती उशिरा आणि कमी. याचा अर्थ तिथे सगळं खोटं आहे असा नाही, पण आयपीओच्या पहिल्या दिवशीची उडी पाहून शिरणाऱ्यांना ही तफावत बहुतेक वेळा माहीत नसते.

नियम फार झाले तर कंपन्यांचं नुकसान नाही का?

लहान कंपन्यांचं होऊ शकतं. एनरॉन आणि वर्ल्डकॉम या बड्या कंपन्यांच्या हिशेब-घोटाळ्यांनंतर २००२ मध्ये अमेरिकेत आलेल्या कायद्याचा खर्च लहान कंपन्यांना इतका जड गेला, की २०१० मध्ये त्यांना अंतर्गत नियंत्रणाच्या वेगळ्या ऑडिटमधून कायमची सूट द्यावी लागली. सरसकट कडक नियमांचा आग्रह मीही धरणार नाही.

इकडे पतसंस्थांत पैसे अडकले. शेअर बाजार तरी वेगळा कसा?

ठेवी अडकलेली घरं आपल्या जिल्ह्यात आजही आहेत, मुलींच्या लग्नाचे, दवाखान्याचे पैसे त्यात गेले. म्हणून हा प्रश्न हलक्यात घेता येत नाही. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, आणि संस्थेने कर्ज कोणाला दिलं हे ठेवीदाराला दर तीन महिन्यांनी कळत नाही. संचालकांच्या नातेवाइकांना कर्जं गेली हे लोकांना कळलं तेव्हा तिजोरी रिकामी होती.

शेअरला विमा मुळीच नसतो, म्हणजे त्या अर्थाने तो जास्त धोक्याचा आहे. वेगळेपण एवढंच की माहिती ठरलेल्या मुदतीत जाहीर होते आणि नको वाटलं तर त्या दिवशी विकून बाहेर पडता येतं. शेअरवाल्याने ती वाचलीच नाही, तर तो ठेवीदाराइतकाच अंधारात राहतो.

माझ्याकडे पन्नास शेअर. माझ्या मताने काय होणार?

एकट्याच्या नाही होणार. पण दोन ठिकाणी लहानांच्या मताला वजन येतं. प्रवर्तकाच्या संबंधित कंपनीशी मोठा व्यवहार करायचा असेल, तर त्या ठरावाच्या बाजूने प्रवर्तकाला मत देता येत नाही, म्हणजे निर्णय उरलेल्यांच्या हातात असतो. आणि विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सचे प्रमुख सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा आणि वेतनाचा ठराव या ७५ टक्क्यांपर्यंत पोचला नाही. कंपनीला वेतनाची मर्यादा कमी करून पुन्हा भागधारकांकडे यावं लागलं.

मत घरबसल्या देता येतं. डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थेकडून ईमेल येतो, मतदान निदान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं.

आजोबांच्या ट्रंकेत जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडली आहेत. ती चालतील का?

चालू शकतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसाहक्काने नावावर करून डिमॅटमध्ये आणता येतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असतात. अशा भागधारकांची यादी कंपनीला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिथे नाव शोधा. सापडलं तर आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) कागद पूर्ण करा, मग आयईपीएफ-५ हा अर्ज भरा. अर्जाला सरकारी फी नाही. निम्मी रक्कम मागणाऱ्या दलालाला सर्टिफिकेटं देऊ नका.

कंपनी माहिती देत नाही, लाभांश येत नाही. तक्रार कुठे?

आधी कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला (कंपनी नियम पाळते का, हे पाहणाऱ्याला) ईमेल करा. त्याचा पत्ता एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर असतो. दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत करायची असते, म्हणून चालढकल करू नका. उत्तर पटलं नाही तर तिथेच फेरविचार मागता येतो, आणि नंतर ‘स्मार्ट ओडीआर’वर ऑनलाइन लवादाची वाट खुली आहे. फोलिओ किंवा डिमॅट क्रमांक, पॅन, आणि कंपनीला पाठवलेल्या ईमेलची प्रत आधीच जवळ ठेवा. भाव पडला म्हणून केलेली तक्रार घेतली जात नाही.